बगळ्यांची शक्यता आणि माझी हजेरी

आपल्या हेरन्स या बेसबॉल संघाला यंदा करंडकाची कितपत शक्यता आहे, ते मी एका संध्याकाळी, एका कागदावर, साध्या पेन्सिलीने काढून दाखवतो, असं मी ऑगी न्हाव्याच्या खुर्चीत बसून बोललो तेव्हा माझ्या तोंडावर गरम टॉवेल होता. टॉवेलखालून बोललेल्या वाक्याला माणूस कितपत बांधील असतो, याचा कायद्याने कधीतरी विचार करायला हवा. टॉवेल निघाला तेव्हा दुकानातले सगळेजण माझ्याकडे बघत होते आणि शेजारच्या खुर्चीतला लेस्टर हॉग म्हणत होता, "मग दाखवच काढून."

लेस्टर आमचा शेजारी. विमा विकतो आणि नगरपालिकेचा सभासद आहे, म्हणजे लोकांच्या भीतीवर दोन्ही बाजूंनी जगतो. मी त्याच नगरपालिकेच्या पाणी खात्यात, मीटर विभागात. बावीस वर्षं हॅझलफोर्ड गावातली गळती शोधतो आहे. आकड्यांचं मला कौतुक नाही, पण भीतीही नाही. आकडा माणसासारखा नसतो. तो विचारलं तेवढंच सांगतो, असा माझा त्या वेळपर्यंत समज होता.

चार जुलैची आतषबाजी कालच उडून गेली होती आणि हंगाम बरोबर अर्धा झाला होता. शहाण्णवांतले अठ्ठेचाळीस सामने झाले होते. बावीस जिंकले, सव्वीस हरले. सहा संघांत आम्ही चौथे. पहिले दोन करंडकासाठी खेळतात. हेरन म्हणजे बगळा, आणि आमचे बगळेही चेंडू येईपर्यंत मैदानात एका पायावर शांत उभे असत, ही एकच गोष्ट नावाला शोभणारी होती. पण त्यांच्यावर आमचा जीव. हॅझलफोर्डमध्ये माणूस बायकोचा वाढदिवस विसरला तरी चालतं. बगळ्यांचा कालचा निकाल माहीत नसेल, तर त्याची तब्येत बरी आहे ना, असं विचारायला लोक घरी येतात.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसलो आणि सल्ल्यांना सुरुवात झाली. लेस्टर कुंपणावरून म्हणाला की पावसात हरलेले सामने धरू नकोस, ते देवाने हरवले. पोस्टमनचं म्हणणं असं, की परगावचे सामने वगळावेत, कारण संघाची बस इतकी खिळखिळी आहे की तिच्यातून उतरलेल्या माणसाला सरळ धावणं शक्य नाही. औषधांच्या दुकानदाराने दोन्ही वगळायला सांगितले, आणि शिवाय ज्या दिवशी शॉर्टस्टॉपच्या जागी खेळणाऱ्या गड्याचा गुडघा दुखत होता तेही. या तिघांचं ऐकलं असतं तर बगळे अजून एकही सामना हरले नव्हते. त्याचबरोबर एकही खेळले नव्हते.

माझी बायको व्हर्ना भांडी घासत होती. तिने मान न वळवता विचारलं, की हे सगळे आकडे आहेत तर तुझा आकडा कुठे आहे.

"माझा कसला आकडा?"

"तू गेलास तेव्हाचा. तू आलास की चेहरा पाडून येतोस, म्हणून विचारलं."

मी मैदानावर फक्त रविवारी जातो. आठवडाभर कचेरी, शनिवारी सासूबाई. प्रत्येक सामन्याचं धावपत्रक मी पाहून किंवा वर्तमानपत्रातून स्वतः लिहितो आणि बुटांच्या खोक्यात तारखेने लावून ठेवतो. खोकं काढलं. आपल्या गावात झालेले रविवारचे सामने सहा. मी सहाही पाहिले होते. सहाही हरलो होतो.

उरलेले बेचाळीस सामने मी पाहिले नव्हते. त्यांत बावीस जिंकलो, वीस हरलो.

मी दोनदा बेरीज केली. मग पेन्सिलीला टोक काढून तिसऱ्यांदा केली. डंकल, म्हणजे मी, हजर: शून्य विजय. डंकल गैरहजर: निम्म्यापेक्षा जास्त. ज्या माणसाने बावीस वर्षं लोकांच्या घरात शिरून 'गळती इथे आहे' असं बोट दाखवलं, त्याला स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर बसून ते बोट स्वतःकडे वळलेलं पाहणं कसं वाटतं, हे मी सांगू शकत नाही. मी कागदाची घडी केली, ती पाकशास्त्राच्या पुस्तकात लपवली आणि झोपायला गेलो.

पाकशास्त्राच्या पुस्तकात कागद लपवणं ही चूक होती. दुसऱ्या दिवशी व्हर्नाने त्या कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर रुबार्बच्या 'पाय'ची, म्हणजे गोड पेस्ट्रीची, कृती उतरवून लेस्टरच्या बायकोला दिली. 'पाय' उत्तम झाला म्हणतात. तो भट्टीत असताना लेस्टरने कागद उलटून पाहिला.

नगरपालिकेच्या सोमवारच्या सभेत तो कागद रुबार्बच्या डागासकट टेबलावर आला. लेस्टरने फार सभ्यपणे भाषण केलं. डंकल हे माझे शेजारी आहेत, सज्जन आहेत, आणि हा हिशोब त्यांच्याच हातचा आहे, म्हणजे यात द्वेषाला जागा नाही, असं तो म्हणाला. मी उठून सांगितलं की सहा सामन्यांवरून काहीच सिद्ध होत नाही. मागून कोणीतरी विचारलं, मग किती सामन्यांवरून होतं, कारण तितकी वाट पाहिली तर हंगाम संपेल. मी खाली बसलो. चिटणीस मिस पील यांनी ठराव क्रमांक चौदा स्वच्छ अक्षरात लिहून घेतला: श्री. एल्सवर्थ डंकल यांनी उर्वरित हंगामात प्रेक्षक म्हणून मैदानात येऊ नये, अशी त्यांना नम्र विनंती; विनंती न मानल्यास मनाई. विरोधात फक्त व्हर्ना होती, पण ती सभासद नसल्याने तिच्या विरोधाची नोंद 'सभागृहात खोकला' अशी झाली.

त्या आठवड्यात बगळे सहांपैकी पाच सामने जिंकले.

आता, आठवड्याच्या मधल्या दिवसांत मी मैदानावर कधीच जात नव्हतो, हे मी भेटेल त्याला सांगत होतो. लोक ऐकून घेत आणि माझा हात हातात घेत. आयुष्यात माझं इतकं अभिनंदन कधी झालं नव्हतं. औषधांच्या दुकानदाराने मला थांबवून, डोळ्यांत पाणी आणून सांगितलं की तुझ्यासारखी माणसं आहेत म्हणून गाव चाललंय. एका घरात मीटर वाचायला गेलो तर बाईंनी लिंबाचं सरबत दिलं आणि मुलांना म्हणाल्या, हे बघा, हेच ते, जे येत नाहीत.

मग रविवार आला. आमच्या गल्लीच्या टोकाला मैदान आहे. खिडकी उघडी असली तर बॅटचा आवाज घरात येतो, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग लोकांचा एकदम उठलेला आवाज. त्या मधल्या क्षणात चेंडू हवेत असतो आणि तो कुठे जातोय ते बाकी सगळ्यांना दिसत असतं. ते मला सहन होईना. मी स्वयंपाकघरातला रेडिओ अगदी बारीक लावला.

नऊ-दोन असे हरलो. अर्ध्या तासात लेस्टर आला, सरळ स्वयंपाकघरात गेला आणि त्याने रेडिओवर तळहात ठेवला.

"गरम आहे," तो म्हणाला. विमा कंपनी जळालेलं कोठार पाहताना जसं बोलते तसं.

रेडिओ तो घेऊन गेला. पावती मात्र दिली.

पुढच्या रविवारी आमच्या प्रेमापोटी गावाने आम्हाला चाळीस मैलांवर, दुसऱ्या परगण्यात, व्हर्नाच्या बहिणीकडे पाठवलं. नेऊन सोडायला औषधांचा दुकानदार स्वतः गाडी घेऊन आला होता. तिथे मी कपबशा पुसल्या, मेहुणीच्या नव्या पडद्यांची स्तुती केली आणि एकदाही पश्चिमेकडे, म्हणजे आमच्या गावाच्या दिशेला, पाहिलं नाही. अकरा-तीन असे हरलो.

लेस्टर दारातच उभा होता. त्याने हळूच विचारलं, "विचार करत होतास का?"

मी प्रामाणिक माणूस आहे. चौथ्या डावाच्या सुमाराला थोडा केला होता, असं सांगितलं.

"तरीच," लेस्टर म्हणाला.

मी विचार करू नये असा ठराव आणता येईल का, याची त्याने कचेरीत चौकशी केली. मिस पील यांनी सांगितलं की आणता येईल, पण अंमलबजावणी कोणत्या खात्याकडे द्यायची हे नियमांत नाही.

सोमवारी संध्याकाळी प्रोकोपबाई आल्या. त्यांचं वय चौऱ्याहत्तर. नवरा रेल्वेत होता, तो गेल्यापासून बाई बगळ्यांच्या बाकामागे पहिल्या रांगेत विणकाम घेऊन बसतात. गावातला एकही सामना त्यांनी चुकवलेला नाही आणि परगावचे सगळे रेडिओवर ऐकून वहीत उतरवतात. जाडजूड वही त्यांनी माझ्यासमोर ठेवली आणि चष्मा पुसत बसल्या.

"डंकल, तुम्ही अर्धाच हिशोब केलात," त्या म्हणाल्या. "परगावचे रविवार बघा."

परगावचे रविवार चार. त्या चारही दिवशी मी घरी गवत कापत होतो. चारही हरलो होतो. गेले दोन धरून रविवार झाले बारा, आणि बाराही हरलो. मी त्यांपैकी सहाच ठिकाणी होतो.

पाणी खात्यात पहिल्या दिवशी जे शिकवतात तेच समोर लिहिलेलं होतं: नळ बंद केला तरी मीटर फिरत असेल, तर गळती त्या नळात नाही. मी नळ होतो. मला बंद करून झालं होतं, दुसऱ्या परगण्यात नेऊनही ठेवलं होतं, आणि मीटर फिरतच होता.

"रविवारी चेंडू कोण फेकतं?" बाईंनी विचारलं, जरी आम्हा दोघांनाही ते माहीत होतं.

रविवारी वेंडेल फेकायचा. वेंडेल म्हणजे आमचे व्यवस्थापक डच किमेल यांचा जावई. गोड मुलगा. चेंडूही गोडच टाकायचा. समोरच्याला तो इतका आवडायचा की तो लगेच कुंपणाबाहेर पाठवायचा. हे गावात सगळ्यांना दिसत होतं. पण किमेल अठरा वर्षं संघ सांभाळत होते, त्यांचा राग मोठा होता आणि वेंडेल त्यांची एकुलती एक मुलगी. म्हणजे तिचा नवरा. घाईत असं होतं. तर त्याच्याविषयी कोणी बोलत नसे. मी कुठल्याच व्यवस्थापकाचा जावई नव्हतो, म्हणून माझ्याविषयी बोलणं सोपं गेलं.

ती वही काखेत घेऊन आम्ही दोघं किमेलच्या घरी गेलो. जाताना मी वाटेत दोनदा मागे वळलो. प्रोकोपबाई वळल्या नाहीत, पण त्यांचं कारण संधिवात हे त्यांनीच सांगितलं. दार वेंडेलनेच उघडलं आणि आम्हाला बसवून आइस्क्रीम दिलं, त्यामुळे काम आणखी अवघड झालं. किमेलनी वही वाचली. वरून खाली वाचली, मग बोट ठेवून फक्त रविवार वाचले. त्यांची मान लाल होत गेली. मी आइस्क्रीमची बशी दोन्ही हातांनी धरून दाराचं अंतर मोजलं.

"माझ्या घरात येऊन," किमेल सुरू झाले, "माझ्या जावयाबद्दल—"

"बाबा," वेंडेल म्हणाला, "मला शनिवारपासूनच पोटात कळ येते."

किमेलनी वही मिटली.

"मी मागच्या वर्षीच सांगणार होतो," वेंडेल म्हणाला. "पण तुम्ही मला पिचर करणार म्हणून सगळ्यांना सांगितलं होतंत. लग्नातही सांगितलंत. मला धावायला आवडतं. फेकायला नाही."

"मला वाटलं, तुलाच हवंय," किमेल म्हणाले. एवढ्या मोठ्या माणसाचा आवाज एवढा लहान मी कधी ऐकला नव्हता. "मी दर रविवारी तिथे बसून दात आवळतो. दोन दाढा गेल्या माझ्या. मला वाटलं, काढून टाकलं तर तुझं मन मोडेल."

सासरे-जावई दोन वर्षं एकमेकांसाठी हरत होते. दोघंही एकदम हसायला लागले, मग मुलगी आतून येऊन रडायला लागली, आणि आम्ही आइस्क्रीम संपवलं. येत्या रविवारी वेंडेल तिसऱ्या बेसवर उभा राहील आणि चेंडू दुसरा कोणीतरी टाकेल, असं ठरलं.

म्हणजे मी निर्दोष सुटलो होतो. फक्त ठराव क्रमांक चौदा तसाच होता. बुधवारी कचेरीत मिस पीलनी माझं मनापासून अभिनंदन केलं आणि सांगितलं की ठराव रद्द करायला नियमित सभा लागते, सभेला दहा दिवसांची सूचना लागते, आणि पुढची नियमित सभा ऑगस्टअखेर आहे. मी खुर्चीत बसलो. रविवारपर्यंत चार दिवस होते. माझा चेहरा पाहून त्या बाईंनी, ज्यांनी तीस वर्षांत नियमाबाहेर श्वास घेतला नव्हता, ठरावाचा कागद माझ्याकडे वळवला आणि एका शब्दावर पेन्सिल ठेवली. 'प्रेक्षक म्हणून.' मग दुसरं पुस्तक उघडून त्यांनी पाणी खात्याचं कलम नऊ दाखवलं: मीटर वाचनासाठी खात्याच्या कर्मचाऱ्यास कोणत्याही आवारात, वाजवी वेळी, प्रवेश असेल.

"मैदानाला मीटर आहे ना हो?" त्यांनी विचारलं.

होता. तिसऱ्या बेसच्या बाजूला, रेषेबाहेर, जमिनीत, लोखंडी झाकणाखाली.

रविवारी मी खात्याचा कोट घालून, टोपी घालून, नोंदवही घेऊन दारावर गेलो. लेस्टर आडवा आला. मी कलम नऊ दाखवलं. त्याने ते तीनदा वाचलं आणि विचारलं, मीटर वाचायला किती वेळ लागतो. मी म्हटलं, साधं वाचन असेल तर एक मिनिट; पण ही गळतीची तपासणी आहे, दर पंधरा मिनिटांनी नोंद, साधारण नऊ डाव.

मी झाकण काढलं. आत छातीइतका खोल खड्डा, तळाला घोटाभर पाणी. खड्ड्याकाठी गुडघे टेकून मी मीटर वाचायला लागलो. मला मनाई पाहण्याची होती, म्हणून दर वेळी मी आधी मीटर पाहत होतो आणि मग, मान आखडू नये म्हणून, वर. आणि वर काय काय होतं म्हणून सांगू. ऊन होतं, भाजलेल्या सॉसेजचा वास होता, नवा पिचर सरळ रेषेत चेंडू टाकत होता, आणि वेंडेल तिसऱ्या बेसवर गोठ्यातून सुटलेल्या वासरासारखा नाचत होता. माझ्या मागच्या बाकांवरचे लोक आधी मला शिव्या देत होते. पाचव्या डावापर्यंत मला शेंगदाणे देऊ लागले. सातव्या डावात कोणीतरी ओरडून विचारलं की गळती सापडली का, आणि सगळं मैदान हसलं. मीही हसलो. त्या दिवशीच्या माझ्या नोंदी खात्याने नंतर स्वीकारल्या नाहीत. त्यांतल्या दोन चुकून धावा होत्या.

शेवटचा डाव आला. आम्ही तीन, पाहुणे दोन. पाहुण्यांचे दोन गडी बाद, तिसरा गेला की सामना आमचा; पण त्यांचे दोन गडी बेसवर, आणि बॅटवर त्यांचा सगळ्यांत आडदांड माणूस. त्याने असा फटका मारला की चेंडू सरळ आकाशात गेला, लहान होत होत दिसेनासा झाला, आणि मग परत मोठा होत आमच्या बाजूला यायला लागला. वेंडेल धावत सुटला. मान वर, हात वर, आणि सरळ माझ्या अंगावर. मी माणूस आहे, मला समजतं की अशा वेळी वाट द्यावी. मी उठलो, खड्ड्याला वळसा घालून एक पाऊल मागे घेतलं, आणि मागे खड्डा होता.

मी आत बसलो त्या क्षणी वर अंधार झाला. वेंडेलचा बूट माझ्या डाव्या खांद्यावर आला, दाबला गेला, आणि निघून गेला. मग बॅटनंतर असते तसली शांतता. मला काहीच दिसत नव्हतं, फक्त मीटर. मग प्रेक्षकांचा सगळा लाकडी मंडप त्यांच्या पायांखाली दणाणला, आणि मातीचे खडे माझ्या डोक्यावर पडू लागले.

"काय झालं?" मी विचारलं. कोणी ऐकलं नाही.

आधी पंचांचा चेहरा काठावर आला. त्यांनी तोंडावरची जाळी काढून खाली पाहिलं आणि गंभीरपणे विचारलं, की खेळाडूचा पाय तुमच्यावर पडला तेव्हा तुम्ही मैदानाचा भाग होतात का. मी म्हटलं, मी पाणी खात्याचा भाग आहे. त्यांनी थोडा विचार केला, मान हलवली आणि झेल मान्य केला. वेंडेल मला नंतर सांगत होता की खड्ड्यात मी नसतो तर तो पुरता आत गेला असता आणि चेंडू डोक्यावरून गेला असता.

मग एकदम बरेच चेहरे आले आणि काठावर वाद सुरू झाला. लेस्टरचं म्हणणं स्पष्ट होतं: डंकल खड्ड्यात गेला तेव्हाच आपण जिंकलो, म्हणजे मूळ हिशोब बरोबर होता, आणि यापुढे दर रविवारी त्याला खड्ड्यात ठेवावं. औषधांच्या दुकानदाराचं म्हणणं, की त्याच्या खांद्यावाचून झेल झालाच नसता, तेव्हा त्याला मैदानावर यायची सक्ती करावी. किमेल दोघांच्या मधून ओणवे झाले, त्यांनी माझा हात धरला आणि मला वर ओढायला लागले, पण हसण्याने त्यांच्या अंगातलं बळच गेलं होतं, त्यामुळे मी अर्धा वर येऊन पुन्हा खाली बसलो. दुसऱ्यांदा व्हर्नाने ओढलं, तेव्हा निघालो. पाटलोणीतून पाणी गळत होतं, टोपी खाली राहिली होती, आणि इतकी माणसं माझ्या पाठीवर थापा मारत होती की मला खोकला आला.

प्रोकोपबाई गर्दीतून वाट काढत आल्या. वही उघडी होती, पेन्सिल तयार होती. खोटी नोंद त्यांनी जन्मात केली नव्हती, आणि आता त्या खरोखर अडल्या होत्या.

"डंकल," त्या म्हणाल्या, "झेल झाला तेव्हा तुम्ही तो पाहिलात का?"

"नाही."

"मग इथे होतात का?"

मी माझ्या खांद्यावरचा वेंडेलच्या बुटाचा चिखलाचा ठसा त्यांना दाखवला. बाईंनी चष्मा वर करून तो नीट पाहिला, बुटाच्या तळातल्या खिळ्यांच्या खुणा मोजल्या, आणि वाकून लिहिलं. मग वही माझ्याकडे फिरवली. बगळे तीन, पाहुणे दोन, आणि खाली बारीक अक्षरात: डंकल हजर. दिसत नव्हते.